काटेखाये सर धावले

आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा आणि पंचक्रोशीतील समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने, व शक्य असल्यास उभे राहून ऐकावे अशा विनंतीसह, कळविण्यात येते की, येथील सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षक श्री. काटेखाये हे यंदाच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, दिवशी, भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना, पाच पंचांच्या डोळ्यांदेखत धावले.

हो. धावले. दोन्ही पायांनी.

बाहेरचा माणूस म्हणेल, "बरं, मग?" त्याची चूक नाही. त्याने काटेखाये सरांना चालताना पाहिलेलं नाही. आमच्याकडे ही बातमी वैनगंगा उलटी वाहिली या तोडीची आहे. त्यातून गंमत अशी की, या माणसाने आम्हाला जन्मभर जे इंग्रजी क्रियापद शिकवलं, ते 'रन'. बाकीची क्रियापदं त्यांनी उरकली. रन मात्र नांदवलं. "रन आला तं इंग्रजी आलं," ते म्हणत. "बाकी भाषा त्याच्या मांगून येते, वासरासारखी."

आणि हा माणूस स्वतः कधी, कशासाठीही, धावला नव्हता.

उंच, सडपातळ देह, पँटीत खोचलेला पांढरा सदरा, काखेत काळी छत्री. छत्री बाराही महिने. मे महिन्यात उन्हासाठी, जुलैत पावसासाठी, आणि जानेवारीत कुणी विचारलंच तर "सवय तुटू नये म्हून". चाल अशी की, वरातीतला घोडा त्यांच्यापुढे उतावळा वाटावा. शाळेची घंटा होई, पोरं धूळ उडवत आत जात, आणि सर आपले फाटकापासून वर्गापर्यंत एखाद्या लांब वाक्यासारखे येत राहत. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "काटेखाये, घंटा झाली." सर म्हणाले, "आयकली सर. घंटा पोट्ट्यायसाठी हाये."

एसटीचे ड्रायव्हरही त्यांना ओळखून होते. आरशात छत्री दिसली की ड्रायव्हर तंबाखू मळायला घ्यायचा. मळून, झाडून, दाढेखाली जाईपर्यंत सर पायरीवर आलेले असायचे.

फक्त एकदा हा मेळ चुकला. लग्नानंतरची पहिली दिवाळी. सर आणि शेवंताकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, काकूंच्या माहेरी सानगडीला निघाले होते. पवनीच्या स्टँडवर सर सासूबाईंसाठी केळी घ्यायला उतरले. ड्रायव्हर नवा होता, त्याला छत्रीचा महिमा माहीत नव्हता. बस सुटली. काकू खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन "अहो! अहो!" करताहेत, आणि सर हातात केळ्यांची फणी घेऊन बसच्या मागे चालताहेत. चालताहेत! तिकडे सानगडीला सगळं माहेर जावयाला ओवाळायला रस्त्यावर उभं. बसमधून एकटी पोरगी उतरली. "जावई कुठी हायेत?" काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "येऊन राह्यले. चालत." सर संध्याकाळच्या बसने पोहोचले, केळी जरा मऊ पडली होती एवढंच. वर म्हणाले, "ते बस सानगडीलेच जाऊन राह्यली होती, मी पण सानगडीलेच येऊन राह्यलो होतो. धावून का दुसरं गाव आलं असतं?"

काकूंनी हे उत्तर गिळलं. पचवलं मात्र नाही. पुढची पस्तीसएक वर्षं, स्वयंपाकघरातून एखादं भांडं जास्त जोरात आपटलं गेलं, की आम्ही ओळखायचो, बस पुन्हा सुटली.

सरांची शिकवायची तऱ्हाही वेगळीच होती. गावात जमिनीचा तंटा झाला, झाड पडलं, चोरी झाली की पंच बोलावून पंचनामा होतो. सर शब्दाचा पंचनामा करत. फळ्यावर अर्थ लिहून भागायचं नाही, तो अर्थ गावात प्रत्यक्ष घडताना पाच पंचांनी डोळ्यांनी पाहायचा आणि एका सुरात ओरडायचं, "पाह्यलं सर!" पाचही ओरडले तर अर्थ पास. एक जरी गप्प राहिला तर अर्थ नापास, उद्या पुन्हा. दर वर्षी वर्गातून पाच पंच निवडले जात. पहिल्या तुकडीच्या पाचांत मी होतो आणि माझ्याबरोबर भगवान होता. भगवानची आता गावात पिठाची चक्की आहे. चक्की चालू असतानाही त्याचा आवाज बाहेर ऐकू येतो, यावरून पंच म्हणून त्याची योग्यता ध्यानात यावी.

पहिला पंचनामा मुख्याध्यापकांच्या नाकाचा झाला. इंग्रजीत नाकही धावतं, असं सरांनी सांगितल्यावर वर्ग अर्धा तास हसत होता. मुख्याध्यापकांना तेव्हा जबर सर्दी झाली होती. सर आम्हा पाचांना घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि एका ओळीत उभं केलं. मुख्याध्यापक काहीतरी लिहीत होते. आम्ही श्वास रोखून त्यांच्या नाकाकडे टक लावून उभे राहिलो. त्यांनी वर पाहिलं. "काय आहे?" सर अदबीने म्हणाले, "काही नाई सर, तुम्ही चालू द्या." एक थेंब नाकाच्या शेंड्यावर आला, थबकला, लोंबला. आणि पाच गळ्यांतून एकदम आरोळी उठली, "पाह्यलं सर!" बिचाऱ्यांच्या हातून शाईची दौत सांडली. शाई टेबलावरून वाहायला लागली तर सर म्हणाले, "पोट्टे हो, शाई पण पाहून घ्या. इंक रन्स. एका फेरीत दोन झाले."

दुकानाचा पंचनामा मात्र कठीण गेला. दुकान चालवणं म्हणजे 'रन अ शॉप', म्हणून सर आम्हाला बाबूसेठच्या किराणा दुकानात घेऊन गेले. दुपारची वेळ. बाबूसेठ तांदळाच्या पोत्यावर डोकं ठेवून घोरत होते. चार पंच घाईघाईने ओरडून मोकळे झाले. भगवान गप्प.

"का रे?" सर म्हणाले.

"सर, हे दुकान कुठी चालून राह्यलं? हे तं झोपलं हाये."

आम्ही त्याला कोपरं मारली. उन्हात परत कोण येणार? पण सरांचा चेहरा फुलला. "बराबर! अर्थ झोपला असन तं पास नाई करायचा." आम्ही संध्याकाळी पुन्हा गेलो. दुकानात झुंबड होती. बाबूसेठ एका हाताने गूळ फोडत होते, दुसऱ्या हाताने तेल मोजत होते आणि तोंडाने उधारीवाल्याला हाकलत होते. तेव्हा कुठे भगवानने तोंड उघडलं. बाबूसेठनी दचकून तेल सांडलं, ती गोष्ट निराळी.

सर नेमकेपणाला फार कडक. बसच्या स्टँडवर आम्हाला उभं करून विचारायचे, "हा ड्रायव्हर बस रन करते का?" आम्ही "हो" म्हणालो की छत्री आपटायचे. "नाई! तो ड्राइव्ह करते. बस रन्स. पवनीहून भंडाऱ्याले बस रन करते. अन् जो हा सारा कारभार पाह्यते, बस कधी सोडाची, कुठी सोडाची, तो बस रन करते. तिघायचं काम वेगळं. ड्रायव्हरले रनचा मान देसान तं साहेब रागावन, अन् साहेबाले ड्राइव्हचा देसान तं बस नाल्यात जाईन." आणि कालची गोष्ट सांगताना 'रॅन'. कुणी 'रन्ड' म्हणालं की सर खुर्चीत बसून डोळे मिटून घेत, घरात कुणी गेल्यासारखे.

या सगळ्यातून त्यांनी एक सिद्धांत काढला होता. तो ते दर वर्षी पहिल्या तासाला सांगत. "पोट्टे हो, इंग्रजाचं दुकान धावते, आपलं दुकान चालते. त्याची शाळा धावते, आपली चालते. त्याचं घड्याळ धावते, आपलं चालते. निवडणुकीतही तिकडचा माणूस धावते. आपल्याकडचा उभा राह्यते, अन् निवडून आला का बसते. एवढं धावून धावून तो इंग्रज दमला अन् निंगून गेला. आपण चालून राह्यलो, म्हून अजून हावो."

"मंग सर, पहिला अर्थ?" कुणीतरी विचारायचंच. "पायानं धावाचा?"

"तो कुत्र्यालेही येते. पुढं चाला."

खरं कारण ते एकदाच बोलले. ते ऐकण्याआधी पाण्याची गोष्ट ऐकायला हवी.

गोसीखुर्दच्या धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली, तो काळ. नदीकडची गावं उठून नव्या वसाहतींत चालली होती, रोज नवी अफवा. एका सकाळी बाजाराच्या दिवशी कुणाचं तरी वासरू सुटलं आणि त्याचा मालक त्याच्या मागे धावला. त्याला धावताना पाहून दुसरा धावला. दुसऱ्याला पाहून तिसरा ओरडला, "गोसीचं पाणी आलं!" मग विचारू नका. टोपल्या, तराजू, वांगी, चपला सोडून बाजार धावत सुटला. कुणी कडेवर पोर घेतलं, कुणी घाईत दुसऱ्याचं पोर घेतलं. आणि त्या लोंढ्याच्या समोरून, रस्त्याच्या मधोमध, काखेत छत्री, काटेखाये सर शाळेला निघालेले. नेहमीसारखे. लोकांनी त्यांना पाहिलं आणि पाय हळूहळू सैल पडले. एक म्हातारी थांबून म्हणाली, "सर चालून राह्यले गा! मंग नाई आलं पाणी." झालं. बाजार परत फिरला. पोरं ज्याची त्याला परत केली.

त्या दिवसापासून सरांची चाल ही गावाची मोजपट्टी झाली. वीज कडाडली, कुठे धूर दिसला, बिबट्याची आवई उठली, की लोक ओट्यावर येऊन आधी सरांकडे पाहायचे. सर चालताहेत? मग काही नाही, स्वयंपाक चालू द्या. सरांनाही ते कळलं होतं. मी एकदा चेष्टेने धावण्याचं विचारलं, तेव्हा छत्रीच्या मुठीकडे पाहत म्हणाले, "अरे, आता कसा धावू? मी धावलो तं गाव धावन."

पण गावाला जसा त्या चालीचा आधार होता, तशीच सरांना धावताना पाहायची गावाची हौसही होती. भगवानने एकदा त्यांच्या मागे मोकाट गोऱ्हा सोडला. सरांनी वळून छत्री उघडली, गोऱ्हाच धावला. पहिला अर्थ पास व्हायचा राहिला तो राहिलाच. सर निवृत्त झाले. निरोप समारंभात भगवानने भाषणात जाहीर केलं, "सरायनं सारं शिकवलं, पण पहिला अर्थ नापास हाये."

यावर सगळ्यात मोठ्याने हसली ती वैशाली, सरांची मुलगी.

वैशाली बापासारखी उंच आणि आईसारखी ठसकेबाज. शिकली चांगली, इंग्रजीत बोललीही चांगली असती, पण जीव सगळा सानगडीच्या मामाकडे. गोविंदमामांकडे पटाचे बैल. मधे काही वर्षं पट बंद होते. ते पुन्हा सुरू झाले, महिलांच्या जोड्याही पटात उतरायला लागल्या, तशी या पोरीने मामाची जोडी हाकायला शिकून घेतलं. आई-मामांना माहीत, सरांना नाही. जोडीतला एक तुफान आणि दुसरा मास्तर. मास्तर हे नाव मामांनी मुद्दाम ठेवलेलं, कारण तो वासरू असताना जागचा हलत नसे. "भाऊजीवर गेला," असं मामा गोठ्यात येईल त्याला सांगायचे.

यंदा पट आसगावलाच होता. आदल्या दिवशी वैशालीने जेवताना सांगून टाकलं, "बाबा, उद्या महिलायच्या पटात मी जोडी हाकून राह्यली."

सरांचा घास हातातच राहिला. "कोणाची?"

"मामाची. तुफान अन् मास्तर."

"पडशील."

"नाई पडत."

"मी पाह्याले येणार नाई."

काकू ताटात भात वाढत म्हणाल्या, "नका येऊ. तुमी घरून निंगून तिथं पोचेपर्यंत पट उठन."

तेव्हा पोरीने आपला हुकमाचा पत्ता काढला. "बाबा, पहिला अर्थ तुमी कोणालेच दाखवला नाई. मी दाखवते. पंच घेऊन या."

पंचनाम्याला नाही म्हणणं सरांच्या रक्तात नव्हतं. रात्रीच आम्हा पहिल्या तुकडीला निरोप आला. दुसऱ्या दिवशी पाच पोटसुटे, चष्मेवाले, अर्धे टकले पंच धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, धावपट्टी संपते तिथे, एका ओळीत उभे. शेजारी सर. छत्रीची मूठ त्यांनी अशी आवळली होती की बोटं पांढरी पडलेली. "पडली तं?" ते मला हळूच म्हणाले. एवढंच.

माणूस म्हणाल तर मुंगीला जागा नाही. आलुबोंडे तळले जाताहेत, लाउडस्पीकरवर एक जण घसा फोडतोय. "आता येऊन राह्यली, काटेखाये सरांची लेक, वैशालीताई! जोडी सानगडीची!" झेंडी पडली. आणि जागचा न हलणारा तो मास्तर बाणासारखा सुटला! वैशाली छकडीवर वाकलेली, ओढणी कमरेला, तोंडाने मामाची अस्सल आरोळी. डोळ्याचं पातं लवेपर्यंत जोडी आमच्या समोरून सुसाट गेली. भगवानने तोंड उघडलं, "पाह्य..."

पण जोडी थांबेना. रेषा ओलांडून ती तशीच पुढे, थेट बोडीच्या पाळीकडे. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. धुळीचा लोट उठला. खाली बसला तेव्हा छकडी दिसली, बैल दिसले. वैशाली दिसली नाही.

माझ्या शेजारी काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाहतो तर छत्री. सर तिथे नव्हते. सर धावत होते! एक चप्पल मागे, सदरा बाहेर, हात हवेत, पाय कुठे पडतील ते पायांनाच माहीत नाही, कारण बिचाऱ्यांना सवयच नव्हती. वयाच्या साठीनंतर एखाद्या नव्या कोकराने धावावं तसे ते धावत होते, आणि काय वेग होता!

लाउडस्पीकरवरचा गडी किंचाळला, "सर धावले! अगा माणसं हो, काटेखाये सर धावले!"

 मग हजार डोक्यांत एकच विचार आला. सर धावले, म्हणजे आता खरंच आलं! "पाणी आलं! पळा!" पळायचं कुठे, हे कुणाला ठाऊक? सरांना ठाऊक असणार! सगळी जत्रा सरांच्या मागे सुटली. आलुबोंडेवाला झारा घेऊन, बाया लुगडी आवरून, पाहुणे पुढारी हार घातलेले तसेच, आणि लाज सोडून सांगतो, आम्ही पाचही पंच.

इकडे वैशाली धडधाकट. जोडी आवरायला तिने पाळीजवळ उडी मारली होती आणि मास्तरच्या पलीकडे उभी राहून ती त्याची मान थोपटत होती. तिने वर पाहिलं तर बाप धावत येतोय आणि बापामागे अख्खा तालुका! पोरीला वाटलं, आपलं काय चुकलं? बैलांना काय वाटलं ते बैलच जाणे. त्यांनी पुन्हा धूम ठोकली, दोर धरून वैशाली त्यांच्यासोबत, मागे सर, सरांमागे आम्ही. पटात जोडी धावते आणि गाव पाहते. त्या दिवशी पाहायला कुणी उरलंच नाही. वैशालीची जोडी कितवी आली, हेही ठरलं नाही, कारण घड्याळ धरणाराही धावत होता.

शेवटी बोडीला वळसा घालून मास्तर थांबला. वैशाली थांबली. सर तिच्यापर्यंत पोहोचले, तिचे दोन्ही खांदे धरले, हात, कोपर, कपाळ चाचपून पाहिलं, आणि मटकन पाळीवर बसले.  घामाने भिजलेला, केस उभे राहिलेला, एका चपलेचा तो माणूस मी प्रथमच पाहत होतो. लोक धापा टाकत भोवती जमले.

"सर, का झालं? पाणी कुठी हाये?"

सरांनी मान हलवली. बोटाने नुसतं पोरीकडे दाखवलं.

लोकांनी पोरीकडे पाहिलं, बोडीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. हळूहळू उजेड पडला. वैशालीचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. भगवानने छातीत हवा भरली, आम्हा चौघांकडे पाहिलं, आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या सुरात पाच गळे फुटले, "पाह्यलं सर!"

टाळ्या, शिट्ट्या, हलगी, काय विचारता! सर इतके लाजले की त्यांनी सवयीने काखेतली छत्री चाचपली. ती तिथे नव्हती.

ती येत होती. रिकाम्या झालेल्या मैदानातून, एकट्या, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन शेवंताकाकू येत होत्या. सावकाश. चालत. गर्दीने वाट करून दिली. त्या सरांपुढे येऊन उभ्या राहिल्या. आधी लेकीला नीट न्याहाळलं. मग चप्पल सरांच्या पायाशी ठेवली. सरांनी वर पाहिलं, अगदी कौतुकाची वाट पाहणाऱ्या पोरासारखं. आणि काकू साऱ्या जत्रेच्या देखत फाडकन बोलून गेल्या:

"मंग त्या दिवशी बशीच्या मांगं काहून नाई धावले हो? तिच्यात मी होती ना!"